चोर सोडून कॉइलला फाशी
(इंजिनकाम करणाऱ्या एका मिस्त्रींना खुलं पत्र)

मिस्त्री,


माझी प्रीमियर पद्मिनी तुमच्या गॅरेजमधून टो होऊन घरी आली, तेव्हा तिच्याबरोबर तुमचा निरोपही आला. "जुनी गाडी आहे, वायरिंग आतून खलास झालंय, करंटच बनत नाही. भंगारवाला बरे पैसे देईल, देऊन टाका." गाडी आता सुरू आहे. भंगारात घालायची गोष्ट गाडी नव्हती, तुमचं निदान होतं.

तुमचं नाव मी इथे लिहीत नाही. ही गोष्ट तुमच्या एका गॅरेजपुरती असती, तर बिलाच्या पाठीवर चार ओळी खरडून तुमच्याकडे पाठवल्या असत्या आणि विषय संपला असता. पण "जुनी झाली, विकून टाका" हे वाक्य पावस, लांजा, राजापूर, देवरुखकडून गाडी घेऊन रत्नागिरीत येणाऱ्या माणसांना वेगवेगळ्या गॅरेजांत ऐकायला मिळतं. ती माणसं मान डोलावतात आणि गाडी देऊन टाकतात. मी मान डोलावली नाही. का, ते सगळ्यांसमोर सांगतो.

आधी तुमच्या चांगल्या कामाबद्दल, कारण ते चांगलं झालंय. निवळीच्या घाटात गाडी निळा धूर सोडायला लागली होती आणि ऑइल पीत होती. रिंगा गेल्या आहेत हे तुम्ही इंजिन न उघडता, नुसतं सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवून सांगितलंत. ब्लॉक आंबा घाटातून कोल्हापूरला, शिवाजी उद्यमनगरात पाठवून बोअर करून आणलात. पिस्टन, रिंगा, बेअरिंगं, व्हॉल्व्ह लॅपिंग, सगळं नीट. आज इंजिन ज्या तालात चालतंय त्याचं श्रेय तुमचं आहे आणि ते मी कोणाहीपुढे देईन. म्हणूनच राग जास्त येतो. 1089 सीसीचं अख्खं इंजिन सुटं करून पुन्हा उभं करणारा माणूस एका नटाखाली हरावा आणि दोष गाडीच्या वयाला द्यावा, हे मला पटत नाही.

आता मूळ मुद्दा. गाडी तुमच्या दारात चालत आली होती. धूर ओकत का होईना, पण स्वतःच्या करंटवर आली होती. प्लग, कॉइल, कंडेन्सर, वायरिंग, चावीचं स्विच, सगळं त्या दिवशी शाबूत होतं, नाहीतर ती साळवी स्टॉपचा चढ चढलीच नसती. इंजिन उतरलं, पुन्हा बसलं, आणि सेल्फ फिरतोय पण प्लगला करंट नाही, अशी अवस्था झाली. मग बिघाड कुठे शोधायचा? जिथे हात लागले तिथे. इंजिनकामात काय काय सुटलं होतं? इंजिनापासून बॉडीला जाणारी अर्थची पट्टी, डेल्को म्हणजे डिस्ट्रिब्युटर, त्यातले पॉइंट, कॉइलच्या दोन बारीक वायरी, एचटी लीड. एवढंच. संशयित हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते आणि सगळे तुमच्याच ट्रेमध्ये पडलेले होते.

तुम्ही त्यांच्यातल्या एकालाही विचारलं नाहीत. प्लग बदललेत. करंट नाही. बॅटरी दुसरी लावून पाहिलीत. करंट नाही. कॉइल बदललीत, कंडेन्सर बदललात, एचटी लीडचा नवा सेट घातलात. पार्ट येत गेले, बिल वाढत गेलं. साप साप म्हणून भुई धोपटणं म्हणतात ते हेच. पार्ट बदलणं म्हणजे शोध घेणं नव्हे, मिस्त्री. पार्ट बदलून गाडी सुरू झाली तरी बिघाड कुठे होता ते कळत नाही. आणि नाही सुरू झाली तर माणूस शेवटी गाडीलाच नालायक ठरवतो. तुम्ही तेच केलंत.

कॉइलबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण बिघाडाचा पत्ता तिनेच सांगितला होता. मी तुमच्याकडे उभा होतो त्या दिवशी तुमच्या हाताखालच्या पोराने चावी ऑन असताना कॉइलला हात लावला आणि झटकन मागे घेतला. "शेठ, ही तापलीय." तुम्ही म्हणालात, "मग कॉइल गेली." नवी आली, लागली. थोड्या वेळाने त्याच पोराने पुन्हा हात लावून सांगितलं, "ही पण तापतेय." तुम्ही त्याला दहाचा पाना आणायला पिटाळलंत.

तो पोरगा बरोबर बोलत होता. नवी कोरी कॉइल जुन्या कॉइलसारखीच तापते, याचा अर्थ तापण्याचं कारण कॉइलमध्ये नाही. जुन्या धाटणीच्या 12 व्होल्टच्या कॉइलच्या आतल्या जाड तारेचा रोध सुमारे तीन ओहम असतो. म्हणजे वाट सतत मोकळी राहिली तर चारेक अँपिअर वीज तिच्यातून अखंड वाहते आणि जवळजवळ 50 वॅटची उष्णता त्या डब्यात कोंडते. गाडी चालू असताना पॉइंट क्षणाक्षणाला उघडतात, वीज तुटत राहते, म्हणून कॉइल इतकी भाजत नाही. चावी ऑन, सेल्फ मारून पाहतोय, आणि कॉइल चटका देतेय, तर ती ओरडून सांगतेय की माझ्यातली वीज तुटतच नाही. आणि वीज तुटली नाही तर ठिणगी पडायची कशी?

हे काही गूढ नाही. मायकेल फॅरेडेने 1831 मध्ये दाखवून दिलं की चुंबकीय क्षेत्र बदललं की शेजारच्या तारेत वीज उमटते. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन इंजिनिअरने 1910 च्या सुमारास त्याच तत्त्वावर बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांची जोडणी कॅडिलॅक मोटारींना दिली. तुम्ही डिस्ट्रिब्युटरला ज्या नावाने हाक मारता ते डेल्को म्हणजे त्याचीच कंपनी. इलेक्ट्रॉनिक इग्निशन रुळेपर्यंत जगभरच्या बहुतेक मोटारी याच जोडणीवर धावल्या. पॉइंट मिटलेले असताना कॉइलच्या जाड तारेतून वीज वाहते आणि चुंबकीय क्षेत्र भरतं. पॉइंट उघडले की वीज तुटते, क्षेत्र कोसळतं, आणि बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत पंधरा-वीस हजार व्होल्टचा झटका उभा राहतो. तोच प्लगच्या फटीतून उडी मारतो. पॉइंट मिटतात तेव्हा ठिणगी पडत नाही. ती पडते ती उघडण्याच्या क्षणी. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यात दोन ठिणग्या लागतात. मिनिटाला तीन हजार फेरे झाले तर सेकंदाला शंभर वेळा ही वीज तुटायला हवी. माझ्या गाडीत ती एकदाही तुटत नव्हती.

हे शोधायला यंत्र लागत नाही. 12 व्होल्ट 5 वॅटचा एक बल्ब, होल्डर आणि दोन वायरी पुरतात. तुमच्या गॅरेजात खिळ्याला टेस्ट लॅम्प लटकलेला मी पाहिला आहे. त्यावर धूळ होती.

गाडी घरी आल्यावर मी तेवढंच घेऊन बॉनेटखाली वाकलो. बल्बची एक वायर इंजिनाला, म्हणजे अर्थला. दुसरी कॉइलच्या त्या टोकाला जिथे चावीकडून वीज येते. चावी ऑन. बल्ब लख्ख. म्हणजे बॅटरी, चावी आणि तिथपर्यंतचं वायरिंग ठीक. तुम्ही "आतून खलास" म्हणालात ते हेच वायरिंग. ते एका मिनिटात निर्दोष सुटलं.

मग तीच वायर कॉइलच्या दुसऱ्या टोकाला, जिथून डेल्कोकडे वायर जाते तिथे. इथे बल्ब काय सांगतो ते प्रत्येक गाडीवाल्याने पाठ करून ठेवावं. पॉइंट उघडे असतील तर बल्ब पेटतो, मिटले की विझतो, म्हणून सेल्फ मारताना तो लुकलुकला पाहिजे. सतत पेटलेला राहिला तर पॉइंट मिटत नाहीत, किंवा मिटूनही वीज पुढे नेत नाहीत. त्यांच्यावर मळ किंवा गंज बसला असेल, गॅप चुकला असेल, डेल्कोच्या प्लेटला अर्थ नसेल. आणि कॉइल तापत असूनही सतत विझलेला राहिला, तर पॉइंट उघडतच नाहीत, किंवा ती वीज पॉइंटच्या आधीच कुठेतरी अर्थला मिळतेय. माझा बल्ब विझलेलाच राहिला.

कॅप काढली. पोस्टकार्डाची एक पट्टी कापून दोन पॉइंटच्या मध्ये सरकवली, म्हणजे ते मिटलेत की उघडलेत हा वादच राहिला नाही. बल्ब विझलेलाच. कंडेन्सर शॉर्ट झाला असेल म्हणून तो अर्थपासून अलग केला. तरी विझलेलाच. तुम्ही बदललेला कंडेन्सर इथे निर्दोष सुटला. शेवटी कॉइलकडून डेल्कोत येणारी वायर पॉइंटच्या खुंटीवरून उचलली आणि बल्ब पेटला. चोर त्या खुंटीवर होता.

ती खुंटी तुमच्या डोळ्यांसमोर आणतो, कारण तिच्याकडे तुम्ही नीट पाहिलेलंच नाही. खुंटी प्लेटला जोडलेली, म्हणजे ती अर्थ. तिच्यावर प्लास्टिकचं एक टोपीदार बुश येतं. पॉइंटच्या स्प्रिंगचा डोळा, कंडेन्सरच्या वायरीची चकती आणि कॉइलच्या वायरीची चकती हे तिन्ही त्या बुशाच्या अंगावर, टोपीच्या खाली बसले पाहिजेत. टोपीच्या वर फक्त नट. या क्रमाने तिन्ही एकमेकांना टेकतात आणि खुंटीला कुणीच टेकत नाही. तुम्ही कॉइलच्या वायरीची चकती टोपीच्या वर ठेवलीत आणि तिच्यावर नट आवळलात. नट खुंटीला, खुंटी प्लेटला, प्लेट इंजिनाला. वीज पॉइंटपर्यंत पोचलीच नाही, चकतीवरून नटात आणि नटातून थेट अर्थला गेली. चकतीवर नटाने दाबून उमटवलेलं चकचकीत कडं स्पष्ट दिसत होतं. बाकीची चकती काळवंडलेली, आणि मधोमध ते गोल, नवं कोरं, तुमच्याच पान्याच्या जोरानं पडलेलं.

नट सोडला, चकती टोपीखाली घेतली, नट आवळला. फीलर गेजने गॅप सुमारे 0.4 मिलिमीटर आहे याची खात्री केली. सेल्फ मारल्यावर बल्ब लुकलुकला. एचटी लीड प्लगवर, क्रम 1-3-4-2, आणि तुमचं नवं बोअर केलेलं इंजिन धडधडून सुरू झालं. नवा पार्ट एकही लागला नाही.

चकती टोपीच्या वर बसणं हा काही मोठा गुन्हा नाही. डेल्कोचं काम करणाऱ्या कुणाच्याही हातून हे होऊ शकतं. असल्या पॉइंटांच्या बाबतीत ही जुनी आणि नेहमीची गफलत आहे. माझी तक्रार त्यापुढच्या सगळ्याबद्दल आहे. गाडी बिघडली ती तुमच्या टेबलावर, हे तुम्हाला ठाऊक होतं. तिथून मागे एक पाऊल टाकून "मी शेवटचं काय उघडलं होतं?" एवढं स्वतःला विचारायचं होतं. त्याऐवजी नाचता येईना म्हणून अंगण वाकडं ठरलं. आधी वाकडी कॉइल, मग वाकडा कंडेन्सर, मग वाकडं वायरिंग, आणि शेवटी अख्खी गाडी.

तुमचं आणखी एक वाक्य होतं: "रत्नागिरीची खारी हवा आहे, वायरी खाऊन टाकते." खारी हवा खाते, हे मान्य. मिऱ्याला किंवा मांडवीला घर असलेल्या कुणालाही विचारा. बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवा थर चढतो, अर्थच्या पट्टीखालचा पत्रा गंजतो, फ्यूजच्या पकडी सैल होतात. जून-जुलैत डेल्कोच्या कॅपमध्ये आतून दव धरतं आणि सकाळी गाडी हट्ट करते. कॅप काढून कोरड्या फडक्याने पुसली की घेते. हे सगळे आजार खरे आहेत, आणि म्हणूनच त्यांचं नाव खोटेपणाने वापरू नका. हवा महिनोन्महिने, वर्षानुवर्षे खाते. इंजिन उतरवून पुन्हा बसवण्याच्या अवधीत, तुमच्या पत्र्याच्या शेडमध्ये, चालती गाडी एकदम गप्प करून टाकत नाही. समुद्रावर ढकलून मोकळं होणं सोपं आहे, कारण तो जाब विचारायला येत नाही.

आणि वयाबद्दल. कुर्ल्याच्या कारखान्यात 1964 पासून फियाट 1100 च्या नव्या रूपात आणि पुढे 1970 च्या दशकापासून पद्मिनी या नावाने ही गाडी बनत राहिली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिने जेवढी माणसं वाहिली तेवढी क्वचितच दुसऱ्या गाडीने वाहिली असतील. 2023 च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निघून गेली, ती नियमातली वयोमर्यादा संपली म्हणून. करंट येत नव्हता म्हणून नव्हे. खाजगी गाडीला पंधरा वर्षांनंतर फिटनेस दाखवून, पर्यावरण कर भरून पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण मिळतं. मी ते सगळं रीतसर केलेलं आहे. सरकारने माझ्या गाडीला रस्त्यावर राहण्याची परवानगी दिली आणि तुम्ही एका चकतीपायी तिला भंगारात पाठवायला निघालात.

जुन्या गाडीची खरी अडचण वय नाही. तिचं काम जाणणारे हात कमी होत चालले आहेत, ही अडचण आहे. आणि ती दूर करणं तुमच्याच हातात आहे, शब्दशः. तुमच्याकडे तो पोरगा आहे. त्याचं लक्ष आहे, त्याला बोटाने चटका कळतो आणि तो कळल्यावर बोलण्याची हिंमतही त्याच्यात आहे. उद्या तो हातखंब्याला किंवा कुवारबावला स्वतःचं गॅरेज टाकेल. तुमच्याकडून तो काय घेऊन जाणार? गाडी सुरू झाली नाही की प्लग बदला, मग कॉइल बदला, मग गिऱ्हाइकाला भंगारवाल्याचा नंबर द्या? रिंगा गेल्याचं तुम्ही बोटाने ओळखता. तीच नजर डेल्कोत का चालत नाही? इंजिनासमोर तुम्ही विचार करता आणि वायर दिसली की अंदाज करता, असं मला तुमच्याकडे उभं राहून दिसलं. ते त्या पोरालाही रोज दिसतं, आणि त्याचं मला जास्त वाईट वाटतं.

तुमच्या पुढच्या गिऱ्हाइकासाठी एवढं करा. इंजिनकाम होऊन गाडी उठली नाही, तर पार्टवाल्याला फोन लावण्याआधी खिळ्यावरचा तो टेस्ट लॅम्प उतरवा. आधी इंजिनाची अर्थ पट्टी बसली आहे का ते बघा. ती राहिली तर सेल्फ मंद फिरतो आणि चोकची नाहीतर ॲक्सिलरेटरची केबल तापते, कारण बिचारी वीज तिथून वाट काढते. मग कॉइलची दोन्ही टोकं तपासा. मग कॅप उघडा. ठिणगी पडतेय पण गाडी कार्बोरेटरमधून फटाके फोडतेय, तर डेल्को अर्ध्या फेऱ्याने उलटा बसलाय का ते बघा. तो आजार वेगळा, त्याचा इलाज वेगळा. पॉइंटऐवजी पिकअप आणि मॉड्यूल असलेली गाडी असली तरी पहिला प्रश्न तोच राहतो, की कॉइलमधली वीज तुटतेय का. आणि बल्ब त्या पोराच्या हातात द्या, पाना नव्हे.

आता हिशोब. इंजिनकामाची मजुरी, बोअरिंग, रिंगा, गास्केट, ऑइल यांचे पैसे मी दिले आहेत आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. कॉइल, कंडेन्सर, प्लग आणि एचटी लीडचे पैसे मात्र मला परत हवेत, कारण ते माझ्या गाडीच्या बिघाडावर खर्च झालेले नाहीत. ते पार्ट काढून तुमच्याकडे पोचवायला मी तयार आहे. आणि माझी जुनी कॉइल, जिच्यावर गाडी तुमच्या दारापर्यंत आली होती, ती तुमच्या ट्रेमध्ये किंवा कोपऱ्यातल्या डब्यात पडलेली असेल. तिच्यावर डाव्या बाजूला पोचा आहे, ओळखू येईल. ती त्या पोराबरोबर पाठवून द्या. तो आला की मी त्याला कॅप उघडून ती खुंटी दाखवणार आहे.

कळावे,
तुमचं एक गिऱ्हाईक
रत्नागिरी